चुना लावलेले शंख

तुळशीच्या कुंडीभोवती चौसष्ट नग होते: एकेचाळीस शंख आणि तेवीस शिंपले. सगळे पांढरेशुभ्र, कारण संपतरावकाकांनी त्यांना चुना लावला होता. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये इन्स्पेक्शनच्या आधी झाडांचे बुंधे, विटा, दगड, सगळ्यालाच चुना लागतो. सुट्टीत कोकणात गेले असताना, वादळानंतर हर्णैच्या किनाऱ्यावर काकांनी हे सगळं लेकीसाठी वेचलं, ओल्या पोत्यात बांधून आणलं आणि क्वार्टरसमोर ओळीने मांडून सवयीने रंगवून टाकलं.

रविवारी मी मावशी-काकांकडे गेले तेव्हा त्यांची लेक राजनंदिनी ते पोतं झटकत होती. त्यातून आणखी एक शंख पडला आणि चालू लागला.

"उत्तराताई! हा तर चलतोय!"

आत खेकडा होता. प्राणिशास्त्रात पदवी घेताना हा जीव मी फक्त बाटलीत पाहिला होता. त्याचं पोट मऊ असतं, स्वतःचं कवच नसतं. दुसऱ्याचा रिकामा शंख हेच त्याचं घर. याचा शंख फुटला होता. भगदाडातून गुलाबी पोट दिसत होतं.

"शेजारचे विष्णूकाका गुरुवारी सुट्टीवर दापोलीला चाललेत, ते याला समुद्रात सोडतील," मी म्हटलं. "पण असा उघडा तोवर टिकणार नाही. धड शंख हवा."

"शंख तर इतके आहेत!" राजनंदिनी कुंडीकडे वळली आणि तिचा चेहराच पडला. "पप्पा, तुम्ही सगळे पेंट करून टाकले यार!"

"पप्पांना यार म्हणतात का गं?" गिरिजामावशी आतून म्हणाली. "पण खरंय. मी एका जागी उभी राहिले तर मलाही रंगवतील."

ओल्या चुन्याने त्या मऊ कातडीची आग झाली असती. काका उकिडवे बसले. "व्हिनेगरने निघेल?"

"शंखही विरघळेल, काका."

मग त्यांनी जुना टूथब्रश घेतला. बोटाच्या पेरावर एकेक शंख धरून ते घासत होते, आतल्या वळणात सुतळी फिरवत होते, पाणी नितळ येईपर्यंत धूत होते. समुद्राइतकं खारट व्हावं म्हणून मी फिल्टरच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम सैंधव विरघळवलं. परातीत ते पाणी ओतून सात शंख मांडले आणि खेकडा मधोमध सोडला.

बराच वेळ तो हलला नाही. राजनंदिनीने माझी ओढणी मुठीत धरली होती.

मग तो निघाला. पहिल्या शंखात त्याने नांगी घालून खोली पाहिली आणि सोडून दिला. दुसऱ्यावर चढला, उतरला.

"साहेबांचं इन्स्पेक्शन चाललंय," काका कुजबुजले.

पाचव्या शंखाची कड त्याने मिशांनी चाचपली. तो उलटासुलटा फिरवला, पुन्हा चाचपला. कोणत्याही मोजपट्टीशिवाय तो आपल्या पोटाची वळणं त्या शंखाच्या वळणांशी ताडून पाहत होता. दोन्ही शंखांची तोंडं समोरासमोर आणली आणि पापणी लवायच्या आत, सगळं उघडं अंग बाहेर काढून, मागच्या मागे नव्या शंखात शिरला.

"शाब्बास!" काका परेडच्या आवाजात ओरडले. मावशी पोळी तव्यावर टाकून धावत आली.

मी फूटपट्टी लावली. जुन्या शंखाचं तोंड अकरा मिलिमीटर भरलं, नव्याचं चौदा: वाढायला तीन मिलिमीटर जागा.