दोरीचं दुसरं टोक

गावात मला नाव होतं, वंदाद; पण त्या नावाने हाक मारणारी माणसं दोनच, माझी बायको देनक आणि जोडीदार बुर्झीन. बाकीच्यांना मी नुसता खांदेकरी. इस्फहानपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. तिथलं प्रत्येक प्रेत आम्ही दोघं टेकडीवरच्या दोखम्यात नेऊन गिधाडांपुढे ठेवत असू. लोकांपासून तीस पावलं लांब राहायचं, पाण्याचं भांडंसुद्धा वेगळं. प्रेत एकट्याने नेणं महापाप, म्हणून दोघांनी मधे एक दोरी धरून चालायचं. वीस वर्षं तिच्या दुसऱ्या टोकाला बुर्झीन होता. भलता बडबड्या माणूस.

मग अरब आले. आमचे सरदार मोठी लढाई हरले म्हणे. आम्हाला त्यातली फक्त प्रेतं दिसली. एका दुपारी अरबांच्या तळावरच्या एका शिपायाने बुर्झीनच्या हातातलं भांडं घेतलं आणि घटाघटा पाणी प्यायला.

"तू कोण ते त्याला ठाऊक नसेल," मी म्हणालो.

"दुभाष्याकडून सांगितलं की मी! तरी अजून मागून प्यायला."

आठ दिवसांनी बुर्झीन त्यांच्यात गेला. मी त्याला वाटेल ते बोललो. "भांडंभर पाण्यासाठी धर्म सोडलास, लाज नाही वाटत?"

"पाण्यासाठी नाही रे वंदाद," एवढंच म्हणाला.

सहा महिन्यांनी देनक गेली. शेवटी शेवटी तिचा एकच धोशा होता, "अहो, मला रीतीनं न्या हं. उरकून टाकू नका." पण दोरी धरायला दुसरा माणूस आणू कुठून? शेजारच्या गावचे दोन्ही खांदेकरीही तळावर निघून गेले होते.

बुर्झीन धावत आला. "चल, वहिनीला मी उचलतो."

तीस पावलांवरून आमचे धर्मगुरू, मोबद, ओरडले, "तो आता आपला नाही! माणूस नसेल तर कुत्रं चालतं, शास्त्रात आहे तसं."

शास्त्रात होतं, मलाही ठाऊक होतं. बुर्झीनला हो म्हणावं असं फार वाटलं, पण देनकला शब्द दिला होता. दोरीचं एक टोक मनगटाला बांधलं, दुसरं कुत्र्याच्या गळ्यात. आजाराने ती इतकी वाळली होती की एकट्याला जड नव्हतीच. कुत्रं मधेच थांबून जमीन हुंगायचं, की मी तिला घेऊन तसाच उभा. बुर्झीन खाली रडत होता. मोबद म्हणाले, "यथासांग झालं," आणि सगळे जेवायला गेले. बुर्झीन दाराशी आला, तर मी दार लावून घेतलं.

शुक्रवारी मी तळावर गेलो. त्यांच्या देवाबद्दल मला तेव्हा काडीचं कळत नव्हतं. घर खायला उठलं होतं, एवढंच. ते प्रार्थनेला रांगेत उभे होते. मी सवयीने शेवटच्या रांगेच्या टोकाला, चार हात सोडून उभा राहिलो. एका म्हाताऱ्या अरबाने खूण केली, मी हललो नाही. तेव्हा त्याने माझी बाही धरून ओढली आणि आमच्या मोडक्यातोडक्या बोलीत खेकसला, "जवळ ये की! मधे फट कशाला ठेवतोस?"

त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला आणि मला रडू फुटलं. देनक जाऊन पाच दिवस झाले होते, आणि मला कुणी हात लावायची ती पहिलीच वेळ.