नावं ठेवणारी

शिवगंगेनं पिशवीतून कादंबरी काढली, मुखपृष्ठावरची केस मोकळे सोडलेली बाई कुणाला दिसू नये म्हणून पुस्तक मागे दुमडलं, आणि खाटेच्या कडेला टेकून ती म्हणाली,

"अहो, ऐका. ही बया पुन्हा अडखळली."

खाटेवर कल्याणराव पडून होते. डोक्याला पट्ट्या, नाकात नळी, कपाळावर सकाळी आईनं लावलेली विभूती. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"आधी जिन्यात अडखळली, तवा त्यानं सावरली. आता हापिसात अडखळली, तवा बी त्यानंच सावरली. मी म्हन्ते, पुन्याच्या पोरींना धड चालाया येत न्हाई का काय? आपल्या किल्ल्याच्या वाटेनं बाया डोईवर मोळी घेऊन उतरत्यात, एक बी कुनाच्या अंगावर पडत न्हाई."

शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई पदराआड हसली. हसेना का. शिवगंगेचं सगळं लक्ष नवऱ्याच्या ओठांकडे होतं.

बोलत राहा, असं सिस्टरनंच बजावलं होतं. मार डोक्याला लागलाय, शुद्ध नाही, पण कानावर घरचा आवाज पडला पाहिजे. सांगायला काय जातंय! बेशुद्ध माणसाशी बोलायचं तरी काय? देवाधर्माचं सासूबाई, छबुबाई, बोलतच होत्या. शंकराला त्यांनी इतकी गळ घातली होती की त्यालाही जागेवर बसवत नसेल. दुकानाचं बोलावं तर काळजीच वर यायची. लेक ईश्वरी मामाकडे ठेवलेली. तिचं नाव काढलं की शिवगंगाच रडायला लागायची. मग उरलं काय? लग्न झाल्यापासून ह्या नवराबायकोत पोटभर बोलणं झालं असेल तर ते एकाच गोष्टीवर, तिच्या कादंबऱ्यांवर. म्हणजे बोलायची ती. कल्याणराव पुड्या बांधता बांधता म्हणायचे, "हूं."

धारूरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की शिवगंगा साखरेच्या पोत्याला पाठ लावून वाचायला बसायची. स्टँडजवळचा स्टेशनरीवाला भाड्यानं पुस्तकं द्यायचा, त्यातल्या प्रेमाच्या कादंबऱ्या ती एकामागून एक आणायची आणि एकजात सगळ्यांना नावं ठेवायची. पूर्वी हिरो इस्टेटवाला असायचा. गावोगाव केबल आली तशी ह्याची कंपनी झाली आणि हा अमेरिकेहून परत यायला लागला. हिरॉईन आधी मास्तरीण होती, आता कॉम्प्युटरवर बसायला लागली. रडायची मात्र तेवढीच, आणि इतकं रडून डोळे सुजायचे नाहीत! ह्या बाया भाकरी कधी थापतात? भांडी कोण घासतं ह्यांची? आणि दोघांमधला तो ठरलेला गैरसमज, तो तर शिवगंगेच्या डोक्यातच जायचा. "एकदा तोंड उघडून इचारलं असतं तर निम्मं पुस्तक वाचलं असतं. कावून इचारत न्हाईत?" असं ती थेट कल्याणरावांनाच दरडावायची, जसं काही त्यांनीच लिहिलंय. कल्याणराव तागडीवरून नजर न काढता म्हणायचे, "हूं." बरं, एवढी नावं ठेवून पुढचं पुस्तक आणायला पळणार कोण? तर हीच.

थंड पेयाच्या कुठल्याशा कंपनीनं दुकानावर लावायला लाल रंगाची फुकट पाटी दिली होती. खाली बारीक अक्षरात दुकानाचं नाव. कल्याणराव हौसेनं ती लावायला शिडीवर चढले आणि उलटे फरशीवर आले. तेव्हापासून हे अंबाजोगाईचं हॉस्पिटल, ही खाट आणि ही कादंबरी. ती तिनं मुद्दाम आणली नव्हती. घाईत पिशवी उचलली, त्यात निघाली.

डॉक्टर राउंडला आला. तरुण पोरगा, मिशी नुकती फुटलेली, पण बोलणं सरळ. त्यानं कल्याणरावांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि शिवगंगेला विचारलं,

"हाक मारता का त्यांना?"

"मारते की."

"काय म्हणून?"

"अहो म्हनून."

"अहो सगळेच असतात, बाई. नावानं मारा. माणूस कधी कधी आपल्या नावाला ओ देतो. सिस्टर मारतात, पण तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा."

डॉक्टरचं म्हणणं काही खोटं नव्हतं. सकाळी तिनं जरा मोठ्यानं "अहो" अशी हाक मारली, तर दाराजवळच्या खाटेवरचा म्हातारा "काय गं?" म्हणून उठून बसला होता. ज्यानं उठायचं तो मात्र उठला नाही.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला न वळला तोच छबुबाईंनी तिचा दंड धरला.

"खबरदार. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. आधीच किती राह्यलंय त्या शंभूला ठाव."

"मी कुठं घेतेय, आत्याबाई?"

तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. कादंबरीतली बायको नवऱ्याला 'अरे' म्हणायला लागली की शिवगंगा पान उलटायच्या आधी तोंड वेंगाडायची. आणि दर तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात एक दवाखाना ठरलेला. हिरोची गाडी धडकणार, तो बेशुद्ध पडणार, हिरॉईन उशाशी बसून नावाचा नुसता धोशा लावणार, आणि मग त्याचं बोट हलणार. ते वाचून शिवगंगा एकदा इतकी चिडली होती की पुस्तक तिनं डाळीच्या डब्यावर आपटलं होतं. "डाक्टर कशाला ठेवलेत मग? नुसत्या बाया सोडा की वार्डात!" आता त्याच खोट्यावर तिचा जीव टांगला होता. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तरी ती अधूनमधून कल्याणरावांच्या बोटांकडे बघत होती.

दुपारी वॉर्ड पेंगायला लागला. छबुबाई लेकाच्या तळपायाला तेल चोळत होत्या. चोळता चोळता मध्येच म्हणाल्या,

"त्या डाक्टरनीचं पुढं काय झालं गं?"

"कोन्ती डाक्टरीन? इथं तर समदे गडीच हायेत."

"इथली न्हवं. ती की, आंधळ्या पोराला डोळे देते ती. त्याची माय लगीन होऊ देत न्हवती बघ."

ते पुस्तक शिवगंगेनं कधीच परत दिलं होतं. त्या सासूच्या नावानं दुकानात बसून बोटं मोडली होती ती, छबुबाई देवळात गेल्या आहेत याची खात्री करून.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"ह्यानं. दुसरं कोन सांगनार? जेवताना सांगायचा. आज हिचं पुस्तक इथवर आलं, आज ही असं म्हन्ली. तू त्या सासूला काय काय बोलली ते बी सांगायचा अन् हसायचा लई." छबुबाईंचा हात थांबला. "शेवट तेवढा सांगायचा राह्यला."

शिवगंगेला रडूच फुटलं. इतकी वर्षं ती समजत होती की हा माणूस ऐकतच नाही. 'हूं' म्हणतो ते आपलं तोंडदेखलं. आणि हा एकेक शब्द घरी नेऊन आईला वाढत होता. तिला तेव्हाच्या तेव्हा त्यांच्याशी भांडावंसं वाटलं. ऐकत होतात तर मग सांगायला काय झालं होतं, असं विचारावंसं वाटलं. पण विचारणार कुणाला?

"झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "लगीन झालं त्यांचं."

"अन् सासू?"

"सासू हो म्हन्ली. शेवटाला."

छबुबाईंनी लेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग तेलाचा हात लुगड्याला पुसून म्हणाल्या,

"मग मी बी म्हन्ते. घे नाव."

"आत्याबाई..."

"घे म्हन्ते ना. घटायचं आसंल तर माझं घटू दे. माझं काय करायचंय आता?"

शिवगंगा उठून उभी राहिली. पदर नीट केला. कल्याणरावांचा हात हातात घेतला. तो गरम होता, त्यानं तिला धीर आला. पण हाक मारायची कशी? बाजार त्यांना शेट म्हणायचा. सोयरेधायरे कल्याणराव म्हणायचे. तिच्या स्वतःच्या तोंडून ते नाव निघालं होतं ते फक्त लग्नात, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणात. बायांनी दार अडवलं की, आणि तेही उखाण्यात. नाव म्हटलं की जिभेला ती एकच वाट ठाऊक होती. तिनं डोळे मिटले, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि जीभ आपली आपण त्याच वाटेला लागली.

"बालाघाटच्या सीताफळाला गोड गोड वास,
कल्याणरावांना भरवते जिलेबीचा घास."

शेजारच्या खाटेजवळची बाई सवयीनं "वा!" म्हणून गेली आणि लगेच तिनं स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला. शिवगंगेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा तिचा लग्नाच्या पंगतीतला उखाणा. तेव्हा कल्याणरावांनी घासाबरोबर तिचं बोटही चावलं होतं आणि अख्खी पंगत खिदळली होती. आता नाकातल्या नळीवाटे त्यांच्या पोटात पातळ पेज जात होती. ओठ जागचे हलले नाहीत.

"पुन्यांदा घे," छबुबाई म्हणाल्या. "गानं नको. नुसतं नाव घे."

"न्हाई येत."

"येतं गं. माझ्यामागं म्हन. कल्याण."

शिवगंगेनं प्रयत्न केला. 'क' म्हटलं की जीभ तिथंच अडायची. एकदा नुसतं "अहो" निघालं. एकदा "कल्या" पर्यंत आली आणि पुढचं अक्षर तिनं गिळून टाकलं. कारण ऐन वेळेला तिला वाटलं, खरंच घटलं तर? आत्याबाई माझं घटू दे म्हणतात, पण ते असं इकडचं तिकडं करता येतं का? ती खाली बसली, त्यांच्या हातावर कपाळ टेकलं आणि म्हणाली,

"उद्या घेते. आज ऱ्हाऊ द्या. उद्या पक्कं घेते."

संध्याकाळी तिनं पुन्हा कादंबरी उघडली. हिरॉईनच्या साडीला नावं ठेवली, हिरोच्या गाडीला ठेवली, लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांना ठेवली. मध्ये मध्ये थांबून ती 'हूं' ची वाट बघायची, आणि मग पुढं वाचायची.

सकाळी ती दोघींसाठी चहा घेऊन वर आली तेव्हा सिस्टर खाटेभोवती पडदा ओढत होती. छबुबाई पडद्याबाहेर भिंतीला धरून उभ्या होत्या. पडद्याच्या फटीतून दिसलं, कल्याणरावांच्या नाकातली नळी काढलेली होती.

पुढचं सगळं कुणीतरी करवून घ्यावं तसं झालं. तिचा भाऊ निघाला असल्याचा निरोप एसटीडीवाल्याकडून आला. तो येईपर्यंत कागद करून घ्या असं सांगून त्यांना खालच्या खिडकीपाशी पाठवलं. खिडकीत पिकल्या केसांचा कारकून होता. त्यानं पेनाचं टोपण काढलं, शिवगंगेच्या कपाळाकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"मालक का तुमचे?"

तिनं मान हलवली. कारकून इकडचाच असणार, त्याला रीत ठाऊक होती. नाव त्यानं तिला विचारलंच नाही. तो छबुबाईंकडे वळला.

"माय, तुमी सांगा नाव. ह्यांना कशाला बोलायला लावायचं."

छबुबाई पुढं झाल्या. बारशाला ह्यांनीच नाव निवडलं होतं. गल्लीतून, ओढ्यावरून, दुकानाच्या माडीवरून हाका मारमारून लेकाला वाढवलं होतं. कालसुद्धा सुनेला शिकवत होत्या. त्यांनी तोंड उघडलं. नाव निघेना. पुन्हा उघडलं, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून त्या खिडकीखालीच बसल्या.

कारकून पेन धरून थांबला. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

"कल्याण," शिवगंगा म्हणाली.

आवाज स्पष्ट आला. पुढं राव नाही, मागं सीताफळ नाही.

कारकुनानं वर बघितलं, मग खाली बघून लिहिलं. "पूर्ण सांगा."

"कल्याण राजेश्वर शेटे. मुक्काम धारूर."

"वय?"

तिनं वय सांगितलं. तो लिहीत राहिला, आणि त्यानं काही विचारलेलं नसताना ती गजाला धरून पुन्हा म्हणाली, "कल्याण." मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं, पायऱ्यांवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. छबुबाईंनी तिला अडवलं नाही.