आठ जणी

जयवंती खेतले ओमानमधल्या सोहारच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. वय त्रेचाळीस. लग्नाआधी गुहागरात कबड्डी खेळायची आणि त्यानंतर वीस वर्षं काहीच खेळली नव्हती. मागच्या वर्षी दवाखान्यात रक्त तपासायला आलेल्या मेव्ह नावाच्या आयरिश शिक्षिकेने तिचे हात पाहिले आणि विचारलं, "फुटबॉल पकडशील?"

फुटबॉल म्हणजे आयर्लंडचा गेलिक फुटबॉल. त्यात बॉल हातातही घेता येतो. गोलच्या आडव्या दांडीवरून मारला तर एक गुण, दांडीखालून जाळीत घातला तर तीन. जयवंतीला मेव्हने गोलमध्ये उभं केलं, तेव्हापासून ती तिथलीच झाली.

यंदा ओमानमधल्या बायकांच्या क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा मस्कतला ठरली, नेमकी महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाच्या शुक्रवारी.

"लोक विचारतात मला," तिचा नवरा जनार्दन म्हणाला. तो बंदरावर क्रेन चालवतो. "खेतल्यांची बायको चड्डी घालून गोऱ्या बायकांबरोबर धावते म्हणे."

"धावत नाही म्हणावं. गोलमध्ये उभी असते."

"चेष्टा नको. बोट-बीट मोडलंस तर?"

"मोडलं तर बांधेन. शुक्रवारी तुमचा डबा तुम्ही बांधून घ्या, मी पहाटे निघणार."

जनार्दन उठून बाहेर एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "मी सोडतो बसपर्यंत."

मिनीबस मस्कतला पोचली तेव्हा, गुडघ्यामुळे आता फक्त शिकवणारी मेव्ह सोडली तर, खेळणाऱ्या आठच जणी होत्या. दोन फिलिपिनो नर्सना ऐन वेळी ड्यूटी लागली होती. संघ असतो नऊ जणींचा.

संयोजक हा उन्हाने लाल झालेला, घाईतला माणूस. त्याने यादी पाहून मान हलवली. "असं करू. इथल्या रुवी भागाच्या संघाला खेळाडू कमी पडतायत. तुमच्या चांगल्या चौघी त्यांना द्या. बाकीच्यांनी सामने बघावेत. पुढच्या वर्षी पुरा संघ आणा."

मेव्ह काहीतरी नम्रपणे बोलू लागली, तेवढ्यात जयवंती पुढे झाली.

"आठ जणींनी खेळायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, पण..."

"दाखवा."

त्याने मोबाइल काढला, नियम वर-खाली केले. सात जणी असल्या तरी सामना सुरू करता येत होता. तो कसनुसा हसला. "तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय. मस्कतच्याच कुरुमच्या संघासमोर तुम्ही फार मोठ्या फरकाने हराल."

"हरू. पण सोहार म्हणून हरू," जयवंती म्हणाली. "कबड्डीत सहा गडी बाद झाले तरी सातवा मैदान सोडून घरी जात नाही. आम्ही तर आठ आहोत."

मागे उभी असलेली खुदेजा फिसकन हसली. ती श्रीवर्धनची, शाळेच्या ऑफिसात काम करायची आणि संघात सगळ्यांत वेगाने पळायची. "ताई, आता तोंड उघडलंयस ना, आता गोल पण वाचव."

चारच संघ होते. सोहारचा पहिला सामना सलालाशी होता. सलालाच्या मुली अकरा तास बसमध्ये बसून आल्या होत्या, त्यांचे पाय जड होते. सोहारने तो दोन गुणांनी काढला. रुवीला हरवून कुरुम फायनलला आलं.

फायनल म्हणजे दहा-दहा मिनिटांचे दोन हाफ. कुरुमच्या मुली उंच, एकमेकींच्या सवयीच्या, बदलीला पाच जणी बसलेल्या. सोहारकडे बदलीला कुणीच नव्हतं. मेव्ह कडेला उभी राहून ओरडत होती आणि जयवंती गोलमधून तिच्याहून मोठ्याने ओरडत होती. मराठीत, हिंदीत, जे तोंडाला येईल त्यात. "खुदेजा, डावी! डावी बघ! अगं सोड तिला, बॉल घे!"

दुसऱ्या हाफमध्ये एक जोरदार फटका तिने अडवला आणि बॉल करंगळीवर बसला. करंगळी जागच्या जागी सुजली. रेफरीने बाहेर यायला सांगितलं. तिने नकारार्थी मान हलवली, शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने करंगळी बांधून घेतली आणि पुन्हा उभी राहिली. पुढच्याच मिनिटाला खुदेजाने मध्यापासून पळत जाऊन दांडीवरून बॉल मारला. सोहार एका गुणाने पुढे! कडेला सलालाच्या मुली नाचायला लागल्या.

शेवटच्या मिनिटाला कुरुमच्या एका उंच मुलीला मोकळी जागा मिळाली. तिने डाव्या पायाने बॉल दांडीखालून मारला. जयवंतीने झेप घेतली, बोटांना बॉल लागलासुद्धा, पण तो खांबाच्या आतल्या बाजूने जाळीत गेला. तीन गुण. शिट्टी वाजली. सोहार दोन गुणांनी हरलं.

जयवंती गवतावर पालथी पडून राहिली. खुदेजा येऊन शेजारी बसली आणि बाहीने डोळे पुसू लागली.

बक्षीस देऊन झाल्यावर संयोजक जवळ आला. आता तो खरंच नम्र झाला होता. "आठ जणी असूनही कमाल केलीत. नऊ असता तर जिंकला असता."

"आठ होतो म्हणून हरलो नाही," जयवंती म्हणाली. "तो फटका मला अडवता आला नाही म्हणून हरलो. मला दया नको."

आणि ती थेट त्या उंच मुलीकडे गेली. मुलीच्या गळ्यात पदक होतं.

"डाव्या पायाने मारलास तो फटका. पुन्हा मार."

"आता?"

"आत्ता. दहा वेळा."

मुलीने आधी तिच्या बांधलेल्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि पदक काढून मैत्रिणीकडे दिलं. पहिले तीन जाळीत गेले. चौथा जयवंतीने छातीशी घट्ट धरला. बसचा ड्रायव्हर पार्किंगमधून "यल्ला, यल्ला, चला!" करत हॉर्न वाजवत होता. सोहारच्या बाकीच्या सात जणी बसकडे न जाता गोलमागे येऊन उभ्या राहिल्या. सातवा फटका पुन्हा खांबाला घासून आत गेला.

"मार," जयवंती म्हणाली आणि बॉल तिच्याकडे परत फेकला.