पत्रं नांदायला गेली

महाडच्या बाजारपेठेत ऋत्विकने कॉम्प्युटरचा क्लास काढला तो बायकोच्या जिवावर. मुलांना तो शिकवी आणि पुराच्या भीतीने वरच्या मजल्यावर ठेवलेला मेल सर्व्हर ती सांभाळी. ती माहेरची अस्मिता. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलं वैदेही, कारण सासऱ्यांच्या, शरदरावांच्या, घरात आलेल्या सुनेचं नाव बदलायची रीत. खुद्द सासूबाई प्रयागबाई माहेरी, वरंधला, चंपा होत्या. अजूनही वरंधच्या एसटीत बसल्या की त्या मोठ्याने हसत.

शरदराव निवृत्त हेडमास्तर. जुने विद्यार्थी कुठून कुठून मेल करत, ते वाचणं हा त्यांचा सकाळचा फराळ. नवी डिस्क बसवायची म्हणून सुनेने एकदा जुन्या डिस्कवरच्या डिरेक्टऱ्यांची, म्हणजे प्रत्येकाच्या पत्रांच्या कप्प्यांची, यादी पडद्यावर काढली आणि मागे चहाचा कप घेऊन उभ्या शरदरावांनी ती वाचली.

"हे अस्मिता काय आहे?"

"माझी डिरेक्टरी, बाबा. मेलमध्ये फोल्डरचं नाव वैदेहीच दिसतं. डिस्कवर पत्रं ठेवायची जागा तेवढी जुन्या नावाची."

"म्हणजे पाटी एक नि घर दुसरं. काढून टाक. संध्याकाळी बघतो मी."

ते वाचनालयात गेले. सून नुसती पडद्याकडे बघत बसली. ते नाव सासरी एवढ्या एकाच ठिकाणी उरलं होतं, हे तिथेच बसलेल्या प्रयागबाईंना कुणी सांगायला नको होतं.

"काढलंस तर पत्रं जातील?" लसूण सोलता सोलता त्यांनी विचारलं.

"नाही, आई. दुसऱ्या डिरेक्टरीत हलवायची. मग एका फाइलीत ओळ बदलायची, की वैदेहीची पत्रं आता इकडे. झालं."

"अशी ओळ सगळ्यांची असते?"

"सगळ्यांची."

"ह्यांचीपण?"

अस्मिताने चमकून वर पाहिलं. प्रयागबाईंचा चेहरा अगदी भोळाभाबडा होता.

"मग तुझं हलवायचं कशाला गो? ह्यांचं हलव. तुझ्यात."

संध्याकाळी शरदराव जिना चढून आले. "काढलं?"

"काढते ना. पण तुमची पत्रं त्यातच आहेत, बाबा."

शरदरावांनी चष्मा लावला. मेलमध्ये 'शरद' फोल्डर नेहमीसारखं होतं, पत्रं जागच्या जागी. सुनेने डिस्कवरची यादी काढली, तर त्यात शरद नव्हताच. अस्मिता मात्र सकाळपेक्षा चांगलीच लठ्ठ झाली होती.

"माझी पत्रं हिच्या घरात कशाला?"

"नांदायला गेलीत," प्रयागबाई म्हणाल्या. "रीतच हाय. कुणीतरी जायलाच लागतं."

दारात उभ्या ऋत्विकला एकाएकी खोकला आला आणि तो खाली क्लासात निघून गेला.

"परत आणा."

"अहो, आज गेली नि आजच माहेरी? लोक काय म्हणतील?"

शरदराव खुर्चीत बसले. बायकोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि आत नाव काय ठेवलंय माझं?"

"शरदच, बाबा," अस्मिता म्हणाली. "आमच्याकडे बदलत नाहीत."

प्रयागबाईंनी पदर तोंडावर धरला.

"राहू देत मग," शरदराव म्हणाले. पुढे कित्येक दिवस, मेल आलीय का हे विचारताना सुनेला कुठल्या नावाने हाक मारावी ते त्यांना ठरवता येईना. ते नुसतंच "अगं" म्हणत.