सवाईचं भात

नरेंद्रने पोलीस शिपायाच्या देखत कडीवरचं लाखेचं सील विळ्याने खरवडून काढलं आणि आपल्या पडवीतल्या खोलीचं दार ढकललं. कोर्टाच्या हुकमाने भात सुटलं होतं. शिपाई हात मिळवून निघून गेला. नरेंद्र मात्र कणगीपुढे उभा राहिला तो खाली मान घालूनच.

भात सगळ्या वाडीचं होतं. सिद्धगडाच्या पायथ्याशी त्याच्या बापापासूनची रीत अशी, की झोडणी झाली की घरटी थोडं भात या कणगीत ओतायचं. पावसाळ्यात ज्याला कमी पडेल त्याने न्यायचं आणि नवं भात आलं की सवाईने, म्हणजे मणाला सव्वा मण, परत आणून टाकायचं. पुरवठा खात्याच्या माणसांना त्यात धंदा दिसला. विनापरवाना धान्यसाठ्याचा गुन्हा नरेंद्रवर दाखल झाला.

खटला रद्द व्हावा म्हणून हर्षित वकिलाने अर्ज केला. साठा विक्रीसाठी असेल तरच परवाना लागतो, घरच्या खाण्याला लागत नाही, हा त्याचा मुद्दा. साक्षीला अख्खी वाडी टेम्पो करून आली होती. पण सवाईचं ऐकून हर्षित चपापला. सरकारी वकील त्याला नफाच म्हणणार, तेव्हा भात नक्की कोणाचं ते एकदा ठरवा, असं तो म्हणाला.

"माझंच," नरेंद्र म्हणाला. "माझ्या एकट्याचं."

तेच शपथेवर न्यायाधीशांना वाचून दाखवलं गेलं. मागच्या बाकांवर वाडी ऐकत होती. कोणी खरं बोललं असतं तर तो आत गेला असता, म्हणून सगळे गप्प राहिले. परतताना टेम्पोत त्यांनी त्याला ड्रायव्हरशेजारची जागा दिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता खोली उघडून आठवडा झाला तरी कोणी फिरकेना. तो घरोघर जाऊन सांगून आला. येतो म्हणाले सगळे, आलं कोणीच नाही. शेवटी एका सकाळी म्हातारी सोनूबाई टोपली घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ये ना काकी. घे तुज्या हातानं."

"नाय रे," ती म्हणाली. "आदी भाव सांग. मंग तूच मापून दे."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती पदराची गाठ सोडू लागली.