सकाळ-संध्याकाळ नावाचं फूल

आठही वाजले नव्हते, पण बंद पडलेल्या गोदामाचं अंगण माणसांनी भरून गेलं होतं. प्रत्येकाच्या हातात पाण्याची छोटी बाटली आणि तीत एक टपोरं, पांढरंशुभ्र फूल. ओट्यावर फूलबाबा बसले होते.

"तीन फुंकरा मारा," बाबा सांगत होते. "पहिलीत दुखणं हलतं, दुसरीत सुटतं, तिसरीत फुलात उतरतं. बाकीचं फूल बघून घेईल."

आणि फूल खरोखरच बघून घ्यायचं. दुपारी ते गुलाबी होई, दिवस कलता कलता लालभडक. ज्याचं फूल जास्त लाल, त्याचा आजार मोठा; त्यामुळे तो इतरांपेक्षा जरा ताठ मानेनेच घरी जाई.

त्या गर्दीत ताई होती. तिने पाच दिवसांपासून इन्सुलिन घेतलं नव्हतं. भाचीने फोनवर हे सांगितलं, तशी ताईची धाकटी बहीण हातातलं काम टाकून धावत आली होती. ती वाणांची नोंद करणाऱ्या कार्यालयात तपासनीस होती. कुणी नवं वाण काढल्याचा दावा केला की पान, देठ, लव, बी भिंगाखाली धरायचं आणि ते खरंच नवं आहे की जुन्यालाच नवं नाव चिकटवलंय, हे ठरवायचं. कचेरीत सगळे तिला भिंगवाली म्हणत.

तिने ताईला बाजूला घेऊन समजावलं, मग विनवलं, मग रागावली. ताई पिण्याच्या पाण्याच्या बाटलीतून घोट घेत शांतपणे ऐकत होती. सकाळपासूनची ही तिची तिसरी बाटली.

"काल माझं फूल सगळ्यांत लाल झालं," ताई म्हणाली. "तुझ्या सुईने पंधरा वर्षांत काय दिलं, सांग."

भिंगवाली कचेरीत परतली, पण खुर्चीत टेकवेना. टेबलावर आठवडाभर न उघडलेल्या अर्जांचा ढीग होता. हाताला चाळा म्हणून तिने तो उपसला, आणि चौथ्याच अर्जावर हात थबकला. अर्जदार फूलबाबा. वाणाचं नाव, रोगहारिणी. वैशिष्ट्य, 'माणसाचा आजार शोषून लाल होते'. सोबत फांदी जोडलेली. हा अर्ज आपण वेळेवर उघडला असता तर, हा विचार तिला सुईसारखा टोचला.

फांदी घेऊन ती मागच्या प्रयोगबागेत गेली. बागेत जुन्या नोंदलेल्या वाणांचं एकेक झाड लावलेलं असे. पंजासारखं पाच टोकांचं पान, पानाखालची मऊ लव, कळीखालच्या बारीक हिरव्या पाकळ्यांची संख्या, सगळं कुंपणाजवळच्या एका झुडपाशी तंतोतंत जुळलं. जुन्या नोंदवहीत त्या झुडपाचं नाव होतं 'सकाळ-संध्याकाळ'. खाली कुणीतरी सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं: उमलताना पांढरे, दुपारी गुलाबी, सायंकाळी लाल. गारव्यात रंग फार सावकाश चढतो.

साहेबांना तिने हे सांगितलं. ते म्हणाले, रीतसर दोन हंगाम चाचणी होऊ दे, मग निकाल देऊ. दोन हंगाम! ताईकडे दोन दिवस तरी होते का? ताईच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं, उद्या संध्याकाळच्या आत त्यांना घेऊन या, नाहीतर मी स्वतः येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंगवाली पानांचे नमुने नेण्याची बर्फाची पेटी घेऊन गोदामात हजर झाली. तिने सगळ्यांसमोर बाबांच्याच झाडाची दोन फुलं मागितली. नाही म्हणायची सोय नव्हती; बाबांनी हसत दिली. एकावर ताईने तीन फुंकरा मारल्या. ते फूल पेटीत गेलं आणि पेटीवर ताईच बसली, म्हणजे हातचलाखीचा संशय नको. दुसरं फूल बाटलीत घालून भिंतीवर ठेवलं. त्याच्यावर कुणी फुंकर मारली नाही, जवळही कुणी गेलं नाही.

तो दिवस सरता सरेना. भिंगवाली फाटकापासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. ताईचे ओठ कोरडे पडले होते, डोळे मिटत होते. दोनदा भिंगवालीला वाटलं, मरू दे ते फूल, हिला उचलून न्यावं. पण जबरदस्तीने नेलेली ताई परवा पुन्हा इथेच आली असती.

चार वाजता भिंतीवरचं फूल लाल झालेलं होतं. ताई उठली, पेटी उघडली. तिचं फूल जवळजवळ पांढरंच होतं, कडेला जेमतेम गुलाबी झाक.

"थंडीने आजार गारठला," बाबा तत्परतेने म्हणाले.

"आणि भिंतीला कुठला आजार झालाय?" भिंगवालीने विचारलं.

लोक हसले. बाबा म्हणाले, येणाऱ्याजाणाऱ्यांचा आजार त्या फुलाने ओढला. तेवढ्यात मागून खोकत एक म्हातारा सुतार पुढे आला. मंगळवारी त्याचं फूल धड लाल झालं नव्हतं, म्हणून बाबांनी त्याची श्रद्धा कच्ची ठरवली होती.

"मंगळवारी आभाळ होतं," तो सावकाश म्हणाला. "गार हवा होती. कुणाचंच फूल नीट रंगलं नव्हतं. मग त्या दिवशी आमची सगळ्यांची श्रद्धा एकदमच कच्ची झाली का, बाबा?"

बाबा ओट्यावरच्या बाटल्या आवरायला लागले.

भिंगवालीने नोंदवही उघडून जुनं नाव वाचून दाखवलं. दिवसाच्या उबेत या फुलात लाल रंग तयार होत जातो, एवढंच. शेजारी माणूस असो, बकरी असो की कुणीच नसो. पिढ्यान्‌पिढ्या ते असंच रंगत आलंय. बाबांनी फक्त नाव बदललं.

सगळे काही घरी गेले नाहीत. पाचदहा जण बाटल्या छातीशी धरून बसूनच राहिले. ताई मात्र बहिणीच्या खांद्यावर भार टाकून रिक्षापर्यंत आली.

"मला ते खरं वाटत होतं असं नाही गं," ती पुटपुटली. "सुईचा कंटाळा आला होता. कुणीतरी 'नको घेऊस' म्हणावं, एवढंच हवं होतं."

तिला चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं. थोडक्यात निभावलं.

त्या संध्याकाळी रिक्षा निघता निघता सुतार जवळ येऊन विचारत होता, मग माझ्या खोकल्याचं काय करू? भिंगवालीने त्याला सरळ उत्तर दिलं, आणि ते आपल्यालाही लागू आहे: फुलाचा रंग फुलाबद्दल सांगतो. छातीबद्दल विचारायचं असेल तर छाती तपासून घ्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तीच गोष्ट त्याच्या फुंकरीशिवाय होते का, तेवढं एकदा बघा.