ससाण्याच्या पिल्लाचं बारसं

"आत्या, माय नेम वन," दप्तर फेकत उत्तरा म्हणाली.

मी मेथी निवडत होते. डाउनटाउनच्या एका उंच इमारतीच्या कठड्यावर ससाण्याने तीन पिल्लं काढली होती आणि त्यांना नावं द्यायचा मान तिच्या तिसरीच्या वर्गाला मिळाला होता. घरात दुसरा विषयच नव्हता.

"तुझं नाव जिंकलं? कुठलं दिलं होतंस गं?"

"विक्रम. बाबा आईला सांगत होता ना, बेबीचं नाव. आय हर्ड."

सोफ्यावर पडलेल्या माझ्या भावजयीने, सुनेत्राने, डोळे मिटून घेतले. तिचा आठवा महिना सरत आला होता.

मी काही जुन्या वळणाची बाई नाही. इस्पितळाच्या लॅबमध्ये दिवसभर रक्त तपासते. पण मागच्या खेपेला सुनेत्राने आणि माझ्या भावाने आधीच पाळणा आणला, नाव गावभर केलं, आणि बाळ हाती लागलं नाही. म्हणून या वेळी घरात साधं झबलंसुद्धा नव्हतं. मैत्रिणींनी ठरवलेला बेबी शॉवर सुनेत्राने कॅन्सल करायला लावला. बारशाला मी, म्हणजे आत्याने, बाळाच्या कानात कुर्र करून सांगेपर्यंत नाव कुणी उच्चारायचं नाही, असं ठरलं होतं. पण आमच्या चंद्रशेखरच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

"पक्ष्याचं नाव ते, ताई. त्याचा काय संबंध?" संध्याकाळी तो म्हणाला.

"काही नाही. तू गप्प बस."

तेव्हापासून उत्तरा शाळेतून आली की सुनेत्रा विचारायची, "विक्रम कसाय?"

"ही एट अ पिजन."

मग कुठे ती चार घास खायची. मला ते बघवत नसे. भीतीच वाटायची.

शुक्रवारी टीचरचा फोन आला. वाऱ्याने विक्रम खाली पडला होता, मेला होता. उत्तरा रडायची थांबत नव्हती. मी कामावरून तशीच निघाले आणि तिला आणायला गेले.

"आईला सांगायचं नाही हं," गाडीत मी बजावलं.

"बट शी विल आस्क, आत्या."

"मजेत आहे म्हण."

घरी गेलो तर सुनेत्राने काहीच विचारलं नाही. पोटावर हात धरून खुर्चीत बसली होती.

"ताई, सकाळपासून हललं नाही. डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. चंद्रशेखर निघालाय ऑफिसातून." मग तिने उत्तराच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "याला दुसरं नाव द्या. आत्ताच."

"अगं, असं कुणी..."

"द्या ना."

मी गालिच्यावर गुडघे टेकले. पदर बाजूला करून पोटाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि सुचलं ते नाव हळूच सांगितलं. मग तिथेच कान लावून राहिले. बाहेर चंद्रशेखरची गाडी येऊन थांबली, त्याने दोनदा हॉर्न दिला. तरी मला उठवेना.

उत्तरा माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"व्हॉट डिड यू कॉल हिम, आत्या?"

मी तिला सांगितलं नाही.